तुळईखालचा शॉट

शाळेच्या व्यायामशाळेत दोन्ही रिंगांच्या पुढे एकेक लोखंडी तुळई आडवी गेली होती. अख्खं छप्पर त्या दोघींच्या जिवावर उभं असल्यामुळे त्या काढायचा प्रश्नच नव्हता. बॉल तुळईला लागला की बाद, हा तिथला नियम. मुलांच्या खाजगी शाळांच्या वार्षिक बास्केटबॉल स्पर्धेतही तो सगळ्यांनी निमूट मान्य केला होता. पाहुणे संघ आले की त्यांचे शॉट धडाधड तुळईवर आपटत आणि गॅलरीतली पोरं एका सुरात ओरडत, “बाद!” घरचा संघ मात्र बॉल तुळईच्या खालून काढायचा, ताणलेल्या दोरीसारखा सरळ. शाळेत त्याला ‘तुळईखालचा’ म्हणत, आणि तो ज्याला जमत नाही त्याला संघात घेत नसत.

या तुळईखालच्याच्या बळावर शाळा दरवर्षी अंतिम सामन्यापर्यंत पोचायची आणि तिथे हरायची. अंतिम सामना टेकडीवरच्या शाळेत व्हायचा, कारण एवढे प्रेक्षक मावतील असा हॉल तिथेच होता. पराभवाचं कारण सगळ्यांना पाठ होतं: मोठ्या सामन्यात आपल्या पोरांचं काळीज लटपटतं. त्यावर उपाय म्हणून क्रीडाशिक्षक सरावाच्या आधी सगळ्यांना मांडी घालून बसवायचे आणि दीर्घ श्वास घ्यायला लावायचे.

टिल्लू यंदा कप्तान होता. शाळेतलं त्याचं हे शेवटचं वर्ष, आणि उंची जिथे थांबली होती तिथून ती हलायची चिन्हं दिसत नव्हती. गेल्या वर्षी सामन्याचा शेवटचा शॉट त्याच्या हातून सुटला होता. टेकडीवाल्यांच्या सेंटरने, ज्याला सगळे खांब म्हणत, तो शेल्फावरचा डबा काढावा तसा हवेतून काढून घेतला होता. “काळीज लटपटलं रे,” असं त्याला तेव्हा सगळ्यांनी पाठीवर हात ठेवून सांगितलं. टिल्लूला ते पटलं नव्हतं. काळीज त्याचं होतं, आणि ते त्या वेळी चांगलं ठणठणीत होतं.

स्पर्धा महिन्यावर आली तेव्हा त्याने गेल्या वर्षीच्या सामन्याचं चित्रण मोबाइलवर पुन्हा काढलं. खांबाने अडवलेला शॉट थांबवून पाहिला. मग आपल्याच संघातल्या बाकीच्यांचे पाहिले. पाचही जणांचे बॉल खांबाच्या कोपराच्या उंचीवरून जात होते. टेकडीवाल्यांचे बॉल वर चढून, कमान करून, रिंगमध्ये वरून पडत होते. त्याने ते दहा वेळा तरी पाहिलं असेल. त्या हॉलच्या छपराखाली कुठेही तुळई नव्हती, आणि त्याचा संघ ती असल्यासारखा खेळत होता.

मोबाइल घेऊन तो तडक बाबांच्या दुकानात गेला.

बाबांचं चष्म्याचं दुकान होतं. डोळे तपासायच्या तक्त्याशेजारी त्यांनी याच शाळेतल्या आपल्या वेळच्या संघाचा फोटो टांगला होता. अक्षरं वाचून गिऱ्हाईक दमलं की बाबा त्याला फोटो दाखवत. “मधला मी. कप्तान होतो. तुळईखालचा असा मारायचो की तुळईवरची धूळ हलायची नाही.” टिल्लूला तो शॉट त्यांनीच शिकवला होता, त्याच्या हातात बॉल मावत नव्हता तेव्हापासून.

चित्रण पाहून बाबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

“खांब नशीबवान आहे. उंच आहे म्हणून पोचतो.”

“उंच सगळीकडेच असतात बाबा. आपणच बॉल त्यांच्या हातात नेऊन देतो.”

“माझ्याच शॉटने आपण दोनदा अंतिम सामन्यात गेलो होतो.”

“आणि तिथे दोन्ही वेळा काय झालं?”

बाबांनी काउंटरवरची फ्रेम सरळ केली. ती आधीच सरळ होती.

“जुन्या नंबरचा चष्मा घालून हट्टाने बसणाऱ्या गिऱ्हाइकाला तुम्ही काय म्हणता?” टिल्लूने विचारलं.

“गिऱ्हाइकाला मी अहो-जाहो करतो,” बाबा म्हणाले. “तू घरी जा.”

घरी न जाता तो अग्निशमन केंद्राच्या मागच्या अंगणात गेला. तिथे भिंतीला एक रिंग होती आणि वर फक्त आकाश. जवान काम नसलं की तिथे खेळायचे. त्यांच्यातला सगळ्यात धिप्पाड गडी, ज्याला बाकीचे मोठेभाऊ म्हणत, त्याने टिल्लूचे दोन शॉट पाहिले आणि हसत सुटला.

“अरे, बॉल मारतोयस की दगड? कुणावर राग आहे का?”

“मोठेभाऊ, तुमचा लांब झाडू आहे ना, तो धरून माझ्यासमोर उभे राहाल का?”

“म्हणजे मी आता बुजगावणं?”

“खांब.”

“चला, बढती मिळाली,” असं म्हणत मोठेभाऊ झाडू उंच धरून उभा राहिला.

हात ऐकत नव्हते. मनाने वर म्हटलं तरी मनगट सरळच सुटायचं आणि बॉल झाडूवर जाऊन आदळायचा. जास्त वर गेला तर भिंत ओलांडून पलीकडे. मोठेभाऊ दर वेळी सांगायचा, “गाडी काढू का आणायला?” टिल्लू भिंत चढून बॉल आणायचा आणि पुन्हा रेषेवर उभा राहायचा. रोज संध्याकाळी हेच. दोन आठवडे गेले आणि एके दिवशी बॉल झाडूच्या वरून गेला, कडेला न शिवता रिंगमधून पडला. मोठेभाऊने झाडू खांद्याला लावून सलामी दिली. मग म्हणाला, “छान. आता हा चुकून झाला नाही हे दाखव.”

खरी पंचाईत शाळेत झाली. नवा शॉट व्यायामशाळेत मारला की तुळईवर आपटायचा. गॅलरीतल्या पोरांनी आपल्याच कप्तानाला “बाद!” म्हटलं. सरांनी त्याला बाजूला घेतलं.

“स्पर्धा तोंडावर आली आणि तू हात बिघडवून बसलास?”

“सर, टेकडीवर तुळई नाहीये.”

“इथे आहे. अंतिम सामन्याला जायचं तर आधी इथले दोन सामने जिंकायचेत. परत तुळईला लागला तर बाकावर बसशील, कप्तान असलास तरी.”

सरांचंही खोटं नव्हतं. टिल्लू इथले दोन्ही सामने तुळईखालच्यानेच खेळला, जिंकला, आणि रोज संध्याकाळी अंगणात जाऊन हाताची तीच सवय पुसून टाकत राहिला.

अंतिम सामन्याला बाबा आले. चौथ्या रांगेत हाताची घडी घालून बसले. त्या दिवसानंतर घरात शॉटचा विषय निघाला नव्हता.

पूर्वार्धात सरांनी सांगितलं होतं ते टिल्लूने केलं. खांबाने त्याचे तीन शॉट काढून घेतले. चौथ्या वेळी तर त्याने उडी मारायचेही कष्ट घेतले नाहीत. “आणखी आण,” तो म्हणाला.

मध्यंतरात सरांनी सगळ्यांना मांडी घालून बसवलं. टिल्लू उभाच राहिला.

“सर, आता मी वरून मारणार.”

“आणि गेला नाही तर?”

“मग बसवा बाकावर.”

सरांनी वर पाहिलं. छप्पर उंच, मोकळं होतं. इतक्या वर्षांत त्यांनी ते कधी नीट पाहिलं नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. “दोन संधी देतो,” ते म्हणाले.

पहिला बॉल बोर्डाच्या वरून मागे गेला. हॉलभर हशा पिकला. दुसरा रिंगच्या कडेवर नाचून बाहेर पडला. सरांनी बदली खेळाडूला उठवलं. पण शिट्टी वाजली नाही, खेळ चालू राहिला, आणि बॉल पुन्हा टिल्लूकडे आला. समोर खांब हात पसरून उभा होता. टिल्लूचं मनगट जुन्या सवयीने आखडलं.

“वर!”

चौथ्या रांगेतून आवाज आला. बाबा उभे होते, घडी सुटली होती, चष्मा नाकावर घसरला होता.

“अजून वर, टिल्ल्या! अजून वर मार!”

बॉल सुटला, खांबाच्या बोटांवरून गेला, वर चढतच राहिला आणि मग निवांत खाली आला. जाळी हलली. बदली खेळाडू आपणहून खाली बसला.

त्यानंतर टिल्लूचे सगळेच गेले असं नाही. पण खांबाला आता उड्या माराव्या लागल्या, दोनदा फाउल झाले, आणि तो वर गेला की त्याच्या बगलेखालून पास निघू लागले. शेवटच्या मिनिटाला टेकडीवाले एका गुणाने पुढे होते. सगळ्या हॉलला ठाऊक होतं बॉल कुणाकडे जाणार. खांब जिवाच्या आकांताने उडाला. बॉल त्याच्याही वरून गेला. टिल्लूने तो पडताना पाहिला नाही. तो चौथ्या रांगेकडे पाहत होता, आणि बाबांच्या वर उंचावलेल्या दोन्ही हातांवरून त्याला निकाल कळला.

दुसऱ्या दिवशी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. बाबा फोटोसमोर उभे होते.

“दोनदा काळीज लटपटलं म्हणून इतकी वर्षं स्वतःला बोल लावत आलो,” ते म्हणाले. “काळजाचा काही संबंधच नव्हता.”

“नव्हताच.”

बाबांनी कागदाचा बोळा केला, कोपऱ्यातल्या टोपलीकडे तोंड करून उभे राहिले, गुडघे वाकवले आणि मनगट वर सोडलं. बोळा छान चढला, फिरत्या पंख्याच्या पात्याला लागला आणि तक्त्यावर जाऊन आदळला.

“बाद,” टिल्लू म्हणाला.

“गप रे,” बाबा म्हणाले, आणि दुसरा कागद घेतला.