जेवणाच्या सुट्टीतला चोर

"पुन्हा सगळ्या नोंदी साफ!" काका खुर्चीतून ओरडलेच. "माझ्या कॉम्प्युटरला कोणीतरी हात लावतंय."

ऑफिसात कुणी मान वर केली नाही. काकांचा संशयी स्वभाव सगळ्यांना पाठ होता. चहात साखर कमी पडली तरी त्यात त्यांना कुणाचा तरी डाव दिसे. फक्त शेजारच्या टेबलावरच्या नव्या मुलीने विचारलं, "कधी होतं हो असं, काका?"

"मी जेवायला गेलो की. बरोबर तेव्हाच."

नव्या कामासाठी काकांनी स्वतःच्या मशीनवर एक छोटा की-व्हॅल्यू डेटाबेस बसवला होता. नाव विचारलं की त्याची माहिती काढून हातात देणारा, साधा सरळ गडी. बसवताना त्या मुलीनेच मदत केली होती. सकाळी आल्या आल्या आणि मग काम करताना काका चाचणीच्या नोंदी सारख्या भरत, तेव्हा सगळं सुरळीत चाले. जेवून आले की एकही नोंद शिल्लक नसे. बाहेरून त्यात शिरायची सोय नव्हती, म्हणजे चोर त्यांच्या खुर्चीपर्यंत येणाराच असणार. आणि ही मुलगी तर हल्ली जेवायला उठतच नव्हती! काकांनी काचेच्या दारातून डोकावून पाहिलं, तर बाईसाहेब त्यांच्याच मशीनकडे टक लावून बसलेल्या.

तिची नोकरी त्याच महिन्यात पक्की व्हायची होती. काका थेट ऑफिसच्या साहेबांच्या केबिनमध्ये गेले. "पुरावा नाही माझ्याकडे, पण डोळे आहेत," म्हणाले. साहेबांना तेवढं पुरलं. 'सध्या जागा नाही' असं सांगून तिला निरोप दिला गेला. ती टेबल आवरून, सगळ्यांना हसून भेटून गेली.

सोमवारी काका निवांत जेवून आले. नोंदी साफ.

शेजारची खुर्ची रिकामी होती. नोंदी भरणारी फाइल त्यांनी पहिल्यांदाच नीट वाचली. डेटाबेस कसा वापरायचा ते सांगणाऱ्या पानावरून जशीच्या तशी उचललेली एक ओळ त्यात होती, आणि तिच्या शेवटी एक आकडा. तो कशाचा, हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. नोंदीची मुदत होती ती. तासाभराने प्रत्येक नोंद आपोआप पुसली जाई. काम करताना काका नोंदी पुन्हा पुन्हा भरत, म्हणून मुदत वाढत राही; जेवणाच्या तासाभरात मात्र ती संपे.

त्यांनी तिला फोन लावला. काय बोलायचं ते ठरलं नव्हतं.

"काका! सापडला का हो चोर?" तिनेच विचारलं. "मी रोज डबा टेबलावरच खायचे, तुमच्या मशीनवर लक्ष ठेवून. कोणी फिरकलंसुद्धा नाही बघा."

काकांना लाज वाटली. ते खुर्चीतून उठले.

"सापडला," ते म्हणाले. "फोन ठेवू नकोस." आणि फोन तसाच कानाला धरून ते साहेबांच्या केबिनकडे निघाले.