बोलीच्या हयातीचा दाखला

संपादकांनी तिच्या टेबलावर कागद टाकला. "तुमच्या घरची बोली वारली. भाषा कार्यालयाचं पत्र आहे. मृत्युलेख पाचपर्यंत द्या."

"अहो साहेब, आज सकाळीच माझी मावशी त्या बोलीत दूधवाल्याशी भांडली!"

"मावशीचं राहू द्या. पत्रावर शिक्का आहे."

बातमीदार होऊन तिला जेमतेम आठ महिने झाले होते. ऑफिसात ती बोली तिने कधी चुकूनही काढली नव्हती. मावशीचा फोन आला की जिन्यात जाऊन कुजबुजायची. पण बोली मेली, हे तिला पटेना. तिने तडक मावशीला रिक्षात घातलं आणि भाषा कार्यालय गाठलं.

खिडकीतल्या कारकुनाने मान वर केली नाही. "मयताशी नातं?"

"मेलेली नाहीये. बोली जिवंत आहे."

"मग हयातीचा दाखला लागेल. बोलीला स्वतः हजर करा."

"ही काय हजर," म्हणत मावशीने पदर खोचला आणि तोंडाचा पट्टा सोडला. पाच मिनिटं ती श्वास घ्यायलाही थांबली नाही. रांगेतली माणसं आदराने मागे सरकली.

"आवाज आला," कारकून थंडपणे म्हणाला. "पण ही बोली वहीत नाही. म्हणजे तुम्ही काही बोललाच नाहीत."

मावशीने आणखी एकच वाक्य टाकलं. कारकून ताडकन उठला. "माझ्या आईला मधे आणायचं काम नाही!"

रांगेतल्या सगळ्या माना त्याच्याकडे वळल्या.

"तुम्हाला कळलं?" भाचीने विचारलं.

कारकुनाचे कान लाल झाले. "घरी बोलतो," तो पुटपुटला. "इथे नाही." मग इकडेतिकडे बघत त्याने शिक्का मारला: तात्पुरती हयात, सहा महिने.

तिने जसं घडलं तसं लिहून दिलं. आईवरचं वाक्यही, बोलीतच. संपादकांनी कपाळाला हात लावला, पण जागा राखून ठेवलेली असल्याने बातमी निधनवार्तांतच, काळ्या चौकटीत, खाली घरच्या पत्त्यासह छापली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातलाच दार वाजलं. चौकट आणि पत्ता पाहून, मजकूर न वाचताच अकरा अनोळखी माणसं सांत्वनाला आली होती. सगळी खालच्या आवाजात हळहळत होती, त्याच बोलीत. मावशीने एकाचा उच्चार सुधारला, त्याला ते लागलं, आणि 'चमचा' या शब्दावरून अशी काही जुंपली की भाचीला शब्द टिपायला वही काढून मधेच खाली बसावं लागलं.