या खेपेला काही विसरलं नाही

काडेपेटी सापडली तेव्हाच मला कळलं, काहीतरी चुकलंय. पिशवीच्या तळाशी होती, कोरडीठाक.

"अहो, ही इथे कशी?"

"काडेपेटी पिशवीत नाही तर कुठे असणार?" आमचे हे तळ्याकडे बघत म्हणाले.

आता सांगायलाच हवं. हे साप्ताहिकात विनोदी सदर लिहितात. तंबू, होडी, मासेमारी, रानावनातली फजिती. लोक पोट धरून हसतात आणि मला दुकानात गाठून विचारतात, "खरंच हो तुम्ही होडीतून पडलात?" पडले हो! पडले, भिजले, कुडकुडले, डासांनी फोडून काढलं, आणि वर ते सगळं छापून आलं. सहल सुरळीत झाली तर लिहिणार काय, कपाळ? म्हणून हा माणूस निघायच्या आधी मी भरलेल्या सामानातून एक वस्तू गुपचूप काढून ठेवायचा. कधी काडेपेटी, कधी तंबूच्या खुंट्या.

मला दुसऱ्याच सहलीत कळलं. बोलले नाही. पुढे मुलं झाली, तशी प्रत्येक वस्तूची जोडी माझ्या पिशवीत लपवायला लागले. आधी फजिती होऊ द्यायची, यांना पुरेसं सुचलंय असं वाटलं की "अगंबाई, ही बघा सापडली" म्हणायचं. एकदा तेवढं यांनी वल्हं काढून ठेवलं. वल्हं मी कुठे लपवणार? हातांनी पाणी मारत काठाला आलो. असा आमचा संसार.

मागच्या आठवड्यात नवी संपादकीण घरी आली. आमच्या थोरलीच्या वयाची असेल. म्हणाली, "काका, हल्ली मजा येत नाही. घरात बसून लिहिल्यासारखं वाटतं. पुढचा लेख जमला तर ठीक, नाहीतर सदर थांबवू या." पोरगी खोटं बोलली नव्हती. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून हे घरात बसूनच लिहीत होते. ती गेली आणि यांनी चहा तसाच ठेवला. मला बघवेना. मीच म्हटलं, चला तळ्यावर. आणि मुद्दाम कशाचीच जोडी घेतली नाही. उपाशी राहू, भिजू, पण लेख झाला पाहिजे.

आणि इथे काडेपेटी! खुंट्या होत्या, दोऱ्या होत्या, सुपाचा डबा उघडायची किल्लीसुद्धा होती. यांनी कण्हत, गुडघे टेकून एकेक खुंटी ठोकली आणि तंबू एका दमात उभा राहिला. शेगडी पहिल्या काडीला पेटली. ढगसुद्धा मेले फिरकले नाहीत. मला रडू यायचं तेवढं बाकी होतं.

"तुम्ही या खेपेला काहीच काढून ठेवलं नाहीत?" माझ्या तोंडून निघूनच गेलं.

हे चमकले. मग हसले. "म्हणजे तुला माहीत होतं."

"तीस वर्षं! आंधळी आहे का मी?"

"तरीच तुझ्या पिशवीतून सगळं बरोबर निघायचं." त्यांनी गरम सूप वाटीत ओतून माझ्या हातात दिलं. "म्हटलं, हिला एकदा तरी नीट जेवू द्यावं. या गुडघ्यांनी परत कुठलं येणं होतंय?"

"आणि लेख?"

"काय लिहू? आलो, जेवलो, झोपलो? कोण हसेल?"

"मग काढायचंत ना काहीतरी! नको तेव्हा शहाणपण सुचतं तुम्हाला!" मी ओरडलेच. ज्या गरम वाटीसाठी इतकी वर्षं कुढले ती हातात होती, आणि आता तीच मला नको झाली होती. राग राग झाला. यांचा, त्या पोरीचा, माझा स्वतःचाही.

वाटी खाली ठेवली, बाह्या सरसावल्या आणि तंबूकडे निघाले.

"अगं, काय करतेस?"

"खुंटी उपटते. तंबू अंगावर कोसळला की दोन पानं तरी भरतील. तुम्ही गप्प बसा आणि नीट बघा, नंतर लिहायचंय."

दोन्ही हातांनी खुंटी धरली, पाय रोवला, ओढली. हलवून बघितली. परत ओढली. तसूभर सरकली नाही. आयुष्यात पहिल्यांदा या माणसाने खुंटी नीट ठोकली होती.