येळवसेचा हरभरा

लातूर जिल्हा झाला आणि त्याच साली पावसानं असा दगा दिला की लोक म्हणायला लागले, नव्या नवरीचा पायगुण काही बरा न्हाई. रानं उघडी पडली. हिरवं काय ते फक्त फारमवर. निजामाच्या अमदानीत या भागात पहिल्यांदा उभं राहिलेलं ते बियाण्यांचं संशोधन केंद्र. लोक नुसतं 'फारम' म्हणायचे. तिथल्या जुन्या साहेबांनी गावोगाव पायी फिरून घराघरातल्या मडक्यातलं बी गोळा केलं होतं. त्यातला 'चिमणचोच' हरभरा दुष्काळाला भीक घालत नसे. पण ठेवून ठेवून बी मरत आलेलं. यंदा होतं नव्हतं ते सगळं पेरलं, तर अकराच झाडं उगवली. ती जगवायचं काम गुरुलिंगवर पडलं.

गुरुलिंग फारमचा राखणदार. अकरा झाडांना लाल चिठ्ठ्या बांधून तो तांब्या-तांब्यानं पाणी घालून राहिला होता. घाटे वाळेपर्यंत हलायचं न्हाई, असा हुकूम. दीड महिना झाला, फाटकाबाहेर पाऊल न्हाई. अहो, कैदी तरी तारखेला कोर्टात जातो!

येळवस आली, म्हणजे वेळ अमावस्येचा सण. त्या दिवशी ज्यानं त्यानं आपल्या रानात कडब्याची खोपटासारखी कोप करून लक्ष्मी पुजायची, आल्यागेल्याला कोवळ्या दाण्यांची अन् पालेभाज्यांची भज्जी, ताकातली आंबील खाऊ घालायची. धनी अडकलाय म्हटल्यावर बायको नीलम्मा गावाकडून सगळा सरंजाम घेऊन फारमवरच आली, तिथंच कोप उभी केली. गुरुलिंग तेव्हा नव्या जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांना विहीर दाखवत हिंडत होता. विहिरीत बघण्यासारखं होतं काय, तळ! पण त्यांचं बघणं सरेना.

दुपारी तो भुकेनं कावलेला कोपीत आला. केंद्राचे प्रमुख पंचाक्षरी साहेबही आले. येळवसेच्या जेवणाला कुणी नको म्हणत नाही. पानं वाढली. पहिल्याच घासाला गुरुलिंगच्या दाताखाली कोवळा हरभरा आला.

"हे कुठलं गं?" त्यानं हळूच विचारलं.

"आता गं बया! तुम्हीच राखलं की," नीलम्मा वाकून त्याच्या कानाशी हसली. "पाणी कमी असलं की मामंजी बी येळवसेपुरता कोपरा राखायचे, चिंध्या बांधून. तुमच्या लाल चिठ्ठ्या बघितल्या अन् वळखलं. अकराच्या अकरा उपटली."

घास तोंडातच फिरायला लागला. बापाची रीत, तो स्वतः तिच्यात वाढलेला, आणि बायकोला एक शब्द सांगायचं सुचलं न्हाई! कुणाच्या नावानं बोंबलावं?

"गुरुलिंग, असल्या साली हरभरा कुठून आणलास?" साहेबांनी विचारलं.

"हदगावचा, साहेब. पाव्हण्यानं धाडला." लांबचं गाव सांगितलं की चौकशी तिथंच मिटते, एवढीच अक्कल त्याला त्या घडीला सुचली. नीलम्मा बघतच राहिली. लक्ष्मीसमोर बसून हा माणूस खोटं बोलला होता.

साहेबांनी भज्जीतला एक दाणा बाजूला काढला, धुऊन तळहातावर घेतला. बारीक, काळपट हिरवा, टोकाला वाकडी चोच.

"अरे, ही तर चिमणचोच!" त्यांचा आवाजच फुटला. डोळ्यांत पाणी आलं. "वीस वर्षं मला वाटत होतं, जगात हिचं आपल्याकडंच तेवढं बी उरलंय. हदगावात जिवंत आहे म्हणजे! तुझ्या पाहुण्याकडं पेरणीपुरतं तरी असेल ना?"

सांग, आत्ता सांग, असं गुरुलिंगचं मन ओरडत होतं. पण इतक्या वर्षांत साहेबांना असं लेकरागत हसताना त्यानं पाहिलं नव्हतं.

"असेल की," तो म्हणाला.

"उद्या पहाटे जीप काढतो. तू पुढं बस, घर दाखव." साहेबांनी पान पुढं केलं. "वाढा हो नीलम्मा, भरपूर वाढा. वीस वर्षांत हिचा एक दाणा जिभेवर ठेवायची हिंमत झाली नव्हती माझी."

नीलम्मानं नवऱ्याच्या तोंडाकडं पाहिलं आणि तिला सगळं कळलं. तिनं भांड्याच्या तळाशी उरलेला हरभरा पळीनं गोळा केला, आणि साहेबांच्या पानात वाढला.