हापशापर्यंत

वजनकाट्यावर चढायच्या आधी हे चपला काढायचे, खिशातला रुमाल काढायचे आणि शेवटी चष्मा काढून माझ्या हातात द्यायचे. जसं काही अंगातलं सगळं पाणी चष्म्याच्या काड्यांमध्येच भरलं होतं.

"काका, चष्म्यानं काही फरक पडत नाही," सिस्टर आकडा बघत म्हणायची. "पुन्हा वाढलंय. किती प्यायलात?"

"सांगितलं होतं तेवढंच."

"मग हे काय हवेतून आलं?"

"हल्ली हवा दमट असते, सिस्टर," शेजारच्या खुर्चीतून ड्रायव्हरभाऊ म्हणायचे. "मी तर नुसत्या वासानं फुगतो."

ह्यांच्या किडन्या बंद पडल्या तेव्हापासून आठवड्यातून तीनदा आमचा मुक्काम त्या खोलीत असायचा. ओळीनं खुर्च्या, प्रत्येक खुर्चीशेजारी एक मशीन. हातात दोन जाड सुया. एकीतून रक्त बाहेर जायचं, दुसरीतून धुऊन परत यायचं. अंगात साठलेलं पाणीही मशीनच काढायचं, कारण त्याला जायला दुसरी वाटच उरली नव्हती. प्यालेलं पाणी अंगातच राहायचं. आधी पायांत उतरायचं, मग छातीत चढायचं. म्हणून दिवसाचे दोन पेले, त्यातच चहा आणि त्यातच गोळ्या. सकाळी देवापुढे दिवा लावून झाला की मी पहिला पेला भरून ह्यांच्या हाताशी ठेवायची. ह्यांच्या वाट्याला जेवढं पाणी तेवढंच आपणही प्यायचं, असा नेम मी पहिल्याच आठवड्यात धरला होता. कुणाला सांगण्यासारखं त्यात काही नव्हतं. बाकी माझ्या हातात तरी काय होतं?

उपाशी माणसं जेवणाच्या गप्पा मारतात, तशा त्या खोलीत पाण्याच्या गप्पा चालायच्या. कुणाला माठातलं आठवायचं, कुणाला नदीतलं. ड्रायव्हरभाऊंनी आयुष्यभर मालट्रक चालवलेला. रस्त्यावरच्या कुठल्या पंपावरचं पाणी गोड आणि कुठल्या पंपावरचं खारं, हे त्यांना तोंडपाठ होतं.

"दादा, तुम्ही सगळ्यात चांगलं पाणी कुठं प्यायलात?" एकदा त्यांनी ह्यांना विचारलं.

हे लाइनमन होते. उंच टॉवरांवरून जाणारी मोठी वीजवाहिनी, तिच्या खालून चालत जायचं, तारा तपासायच्या, जवळ आलेल्या फांद्या तोडायच्या. उन्हाळ्यात तापून तारा झोळ खातात, खाली येतात, म्हणून ही फिरती नेमकी भर उन्हाळ्यातच असायची. सबस्टेशनपासून आधी काटेरी झुडपांचं रान, मग उघडा गवताळ माळ, आणि माळ संपला की डांबरी रस्ता. सूर्य उगवताना निघायचं आणि मावळताना पोचायचं.

"रान संपतं आणि माळ सुरू होतो, तिथं एक हापसा आहे," हे म्हणाले. "दात शिवशिवतील असं गार पाणी. पण पोटभर कधी प्यायला मिळालं नाही."

"का? कोण आडवं यायचं?"

"कोणी आडवं यायला माणूस तर पाहिजे! एकट्याला हापशावर पिता येत नाही, भाऊ. दांडा मारायचा, पळत पुढं यायचं, तोवर धार करंगळीएवढी. दोन घोट मिळायचे. पुन्हा मागं. इतकी वर्षं त्या वाटेनं गेलो, पण पोटभर एकदाही नाही."

ड्रायव्हरभाऊंनी खुर्चीतूनच मान आमच्याकडे वळवली.

"मी हापसतो," ते म्हणाले. "चला."

बेत ठरला तो असा. मी विणकाम मांडीवर घेऊन बसले होते. दोघं हसतील असं मला वाटलं, पण हसलं कोणीच नाही.

त्यानंतर ह्यांनी जे गणित मांडलं, ते ऐकून मलाही पहिल्यांदा खरंच वाटलं. हे म्हणाले, "हे मशीन काय करतं? अंगातलं पाणी काढतं. ऊनही तेच करतं. दिवसभर चाललं की शर्ट पिळून निघतो. मग जेवढा घाम गेला तेवढं पाणी प्यायला कुणाची बंदी?"

"दादा, तुम्ही डॉक्टर व्हायचे ते चुकून खांबावर चढलात."

"चेष्टा नाही. जगात आपल्याला पोटभर पाणी पिता येईल अशी एकच जागा आहे, आणि ती मला माहीत आहे."

डॉक्टरीणबाई फेरीवर आल्या तेव्हा ह्यांनी त्यांनाही विचारलं. त्या लहान वयाच्या होत्या, पण ऐकून घ्यायच्या. "घामाचं गणित बरोबर आहे काका," त्या म्हणाल्या. "पण घाम यायला आधी चालावं लागतं."

ह्यांनी पहिलं वाक्य तेवढं ऐकलं.

मग दर वेळी तेच. डावा हात सुयांमध्ये अडकलेला, म्हणून उजव्या हाताच्या बोटानं हे पायावरच्या चादरीवर वाट काढायचे. गुडघ्यापाशी चादरीच्या चुण्या पडायच्या, ते झुडपी रान. पुढं ताणलेली सपाट चादर, तो माळ. दोन्हींच्या मधे कापसाचा एक बोळा ठेवायचे. तो हापसा.

"रानात पायवाट आहे, पण बोरीबाभळीचे काटे दोन्हीकडून येतात," हे सांगायचे. "लांब बाह्यांचा शर्ट पाहिजे. ह्या हाताच्या, सुयांसाठी फुगवलेल्या शिरेला काटा लागून चालणार नाही."

"लागला तर कारंजं उडेल," ड्रायव्हरभाऊ म्हणायचे. "वहिनी, एक बादली घ्या बरोबर."

"आणि माळावर?" मी विचारायची. मलाही ती वाट दिसायला लागली होती.

"माळावर वाटच नाही. कमरेएवढं गवत. वर बघत चालायचं, तार जाईल तिकडं आपण. गवताची कुसळं मोज्यात घुसतात, म्हणून बूट पाहिजेत. आणि सावलीच्या आशेनं टॉवरखाली बसायचं नाही. टॉवरची सावली चाळणीसारखी असते, डोकं झाकलं तर पाय उन्हात."

"आणि निघायचं कधी?"

"तुझा दिवा झाला की. तुझा दिवा झाल्याशिवाय तू उंबरा ओलांडणार आहेस थोडीच?"

घरी मी ह्यांचे नोकरीतले बूट काढले. चामडं वाळून लाकूड झालं होतं. जप करताना हात मोकळे असतात, तेव्हा मी त्याला तेल चोळायची. देवाचं नाव घेता घेता बूट चोळावेत की नाही, हे मी कुणाला विचारलं नाही. हळूहळू चामडं मऊ झालं, घडी घालावी इतकं.

एका सोमवारी ड्रायव्हरभाऊंच्या खुर्चीत कोणी दुसरंच बसलं होतं. चांगली इस्त्री केलेला शर्ट, घाबरलेला चेहरा. त्या खोलीत असं झालं की कोणी विचारत नाही. सिस्टरनंच सुया टोचताना खालच्या आवाजात सांगितलं. शनिवार-रविवारच्या सुट्टीत छातीत पाणी चढलं. स्वयंपाकघरात नळ चालू होता आणि ते खाली बसलेले सापडले.

मशीन सुरू झालं. ह्यांनी चादरीवरचा बोळा उचलला आणि बोटांनी उगाच पिंजत बसले.

"आता हापसणार कोण?" मग म्हणाले.

"मी हापसेन."

"दांडा जड आहे."

"इतकी वर्षं तुमचा संसार ओढला, तो काय हलका होता?"

तेव्हा जरा हसले. बोळा पुन्हा जागेवर ठेवला.

त्याच आठवड्यात आम्ही चालून बघायचं ठरवलं. मशीनचं काम झाल्यावर दवाखान्याच्या दारापासून बसथांब्यापर्यंत. ह्यांनी बाह्या खाली केल्या, टोपी घातली. फाटकापर्यंत आले आणि वॉचमनच्या स्टुलावर बसले. वॉचमन बिचारा उठून उभा राहिला. ह्यांचे ओठ पांढरे पडले होते, छाती भात्यासारखी चालली होती. पण कपाळ कोरडं होतं. हे कपाळावर हात फिरवायचे आणि हाताकडे बघायचे.

"सावली होती ना," रिक्षात बसल्यावर म्हणाले. "सावलीत कसा येणार घाम?"

तेव्हापासून चादरीवरची वाट आखडत गेली. आधी माळ गेला. "माळात काय आहे, नुसतं गवत," हे म्हणाले. मग सबस्टेशनपासूनचं अर्धं रान गेलं. माझा भाचा जीप घेऊन यायला तयार झाला. माझा म्हणजे ह्यांच्या बहिणीचा मुलगा, पण लाड मीच केलेले. तो म्हणाला, "मामा, मी तुम्हाला थेट हापशापर्यंत नेऊन सोडतो, जीप जाते तिथवर."

हे त्याच्यावर चिडले. "जीपमध्ये बसून घाम येतो का? आणि घाम नाही तर पाणी कुठल्या तोंडानं प्यायचं?"

शेवटी तडजोड झाली. हापशाच्या जरा अलीकडे रानातच जीप थांबवायची आणि तिथून पुढचा थोडासा तुकडा चालायचा. चादरीवर तो एका चुणीएवढा होता. सिस्टर येता-जाता ऐकायची. एकदा तिनं मला बाजूला घेतलं. "काकू, कुठं जायचं ते जा, मी नाही म्हणणार नाही. फक्त एक लक्षात ठेवा. चालल्याचा घाम गरम असतो. कधी बसल्या जागी गार घाम आला तर वाट बघत बसू नका. ते हृदय असतं."

मी मान हलवली. तिनं माझा हात धरून ठेवला होता. मुलगी देवभोळी नव्हती, पण हात सोडताना वर बघितलं तिनं.

ठरलेल्या दिवशी मी लवकर उठले. दिवा लावला, पोथीचं पान वाचलं. मागायचं काय, ते सुचेना. बरं कर असं म्हणायचे दिवस गेले होते, आणि खोटं मागणं मला जमत नाही. एवढी वाट चालू दे, इतकंच म्हटलं.

हे पलंगाच्या कडेला बसले होते. लांब बाह्यांचा शर्ट, टोपी शेजारी. उजवा बूट हातात. पाऊल बुटात जात नव्हतं. मी नाडी पूर्ण सोडवून दिली, बुटाची जीभ बाहेर ओढली, खाली बसून टाचेकडून ढकललं. इतकं तेल चोळलेलं मऊ चामडं, तरी बोटांच्या पुढं पाऊल सरकेना. रात्रीतून दोन्ही पाय उशीसारखे झाले होते.

हे थांबले. नडगीवर अंगठा दाबला आणि उचलला. खळगा तसाच राहिला.

"पाणी शोधायला एवढ्या लांब कशाला जायचं," हे म्हणाले. "इथंच साठलंय की."

मी आत गेले आणि नेहमीसारखा पहिला पेला भरून आणला. ह्यांनी तो घेतला नाही.

"तू पी."

"अहो, तुमचा आहे तो."

"ठाऊक आहे. तू किती पितेस तेही ठाऊक आहे. किडन्या गेल्यात, डोळे नाही गेलेत माझे." बूट बाजूला ठेवला. "हापशावर मी तुलाच आधी पाजणार होतो. उभी राहा अशी समोर. मी हापसतो."

ह्यांनी उजवा हात हवेत धरला, मूठ वळली आणि वरखाली करू लागले. दांडा जड असल्यासारखे खांद्यातून जोर लावत होते. मी पेला तोंडाला लावला. माझा नेम मोडत होता, पण तो ज्यांच्यासाठी धरला तेच मोडायला सांगत होते.

"दमानं," हे म्हणाले. "धार मोठी आहे."

मी प्यायले. थांबावंसं वाटलं तरी थांबले नाही, कारण मी पीत होते तोवर हे हापसत होते. पेला रिकामा झाल्यावरच ह्यांनी हात खाली घेतला. धाप लागली होती. मग कपाळावरून हात फिरवला आणि तो माझ्यापुढे धरला. तळवा ओला होता.

"बघ," हे म्हणाले. किती दिवसांनी ह्यांचा चेहरा असा उजळला होता. "बघ, घाम! गणित बरोबर होतं की नाही? आता माझी पाळी."

मी पदरानं ह्यांचं कपाळ टिपलं. घाम गार होता. मान गार, तळवे गार.

मी भाच्याला फोन लावला. "निघालोच मामी," तो म्हणाला. "पाण्याचे कॅन घेतलेत, बरोबर छत्रीही घेतलीय."

"कॅन राहू दे. मामांना दवाखान्यात न्यायचंय. जमेल तेवढं लवकर ये."

तिकडून तो काही विचारत होता. मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात गेले. तो रोजचा पेला बाजूला केला. वरच्या फळीवर पाहुण्यांसाठीचा मोठा पेला असतो, तो काढला, धुतला आणि काठोकाठ भरला. एक थेंब सांडू नये म्हणून सावकाश चालत आले. हे भिंतीला टेकून, दाराकडेच डोळे लावून बसले होते.

पेला बघितला आणि ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मोजून आणलंय का, असं विचारलं नाही.

पेला जड होता, ह्यांनी तो दोन्ही हातांनी धरला आणि मी खालून एका हाताचा आधार दिला. दुसरा हात मोकळा होता. ह्यांनी पहिला घोट घेतला तशी मी मूठ वळली आणि दांडा खाली दाबला, वर नेला, पुन्हा खाली दाबला.

"दमानं," मी म्हटलं. "धार मोठी आहे."

हे पीत राहिले आणि मी हापसत राहिले.