पोट पुढे, टाके मागे

मी एक खोटं पोट बोलतोय. हसू नका. खऱ्या पोटाला बोलायला सवड नसते, ते भरता भरताच माणसाचा जन्म जातो. मी आधीपासूनच भरलेला आहे, म्हणून मला गप्पा सुचतात.

सध्या माझा मुक्काम हाँगकाँगच्या एका संग्रहालयात, काचेच्या पेटीत आहे. खाली पाटी आहे : 'गरगरीत फान या धमाल चित्रपटात लेस्टर टो यांनी वापरलेलं पोट. चित्रपटातल्या सर्व उड्या त्यांनी स्वतः मारल्या.' माझ्या बेंबीच्या वर त्यांची सहीसुद्धा आहे, चांगली वळणदार. पाटीतलं पहिलं वाक्य अर्धं खरं आहे. दुसऱ्याचं काय करायचं, ते माझी गोष्ट ऐकून तुम्हीच ठरवा.

माझ्या जन्माआधी गरगरीत फान कागदावर राहायचा. रोजच्या वर्तमानपत्रात चार चौकटी. हा फान भाजलेल्या हंसाच्या दुकानातला आचारी, पोट रांजणाएवढं, आणि अंगात कुंगफू असं, की चोराला हंसाच्या तंगडीनं लोळवायचा. शेवटच्या चौकटीत तो हमखास कुठून तरी उंचावरून पडायचा, पोटावर आपटायचा आणि चेंडूसारखा उसळून होता तिथे परत जायचा. सकाळी चहा पिताना सगळं शहर आधी त्याला वाचायचं आणि मग चोरी-दरोड्याच्या बातम्यांकडे वळायचं. असा लाडका माणूस दिसल्यावर निर्मात्याच्या तोंडाला पाणी सुटणारच. सिनेमा ठरला. अडचण एकच होती. फान रांजणाएवढा आणि नट लेस्टर टो चॉपस्टिकएवढा.

म्हणून डायमंड हिलच्या स्टुडिओतल्या शिवणखोलीत माझा जन्म झाला. स्पंज, चिंध्या, वरून जाड कापड. पुढे घेरदार पोट, मागे पाठीपासून बुडापर्यंत गादी, बाजूला बांधायला बंद. चित्रीकरणाच्या पहिल्या दिवशी पूजा झाली. कॅमेऱ्यावर लाल फडकं, उदबत्त्या, आणि मधोमध भाजलेलं अख्खं डुकराचं पिल्लू. मलाही त्याच्या शेजारी मांडलं होतं. आम्ही दोघं दिसायला सख्खे भाऊ. पूजेनंतर त्याला कापलं आणि मला लेस्टर टोच्या अंगावर चढवलं. आमच्यापैकी सुदैवी कोण, यावर मी अधूनमधून विचार करतो.

सिनेमाचे दिग्दर्शक पून. मारामाऱ्याही तेच बसवायचे, म्हणून सगळे त्यांना वस्ताद म्हणत. चित्रं काढणारे कुआन मास्तर पहिल्याच आठवड्यात बगलेत वर्तमानपत्र घेऊन आले.

"वस्ताद, माझा फान उसळतो. तुमचा नुसता पडतो," ते तक्रारीच्या सुरात म्हणाले.

"मास्तर, माणूस उसळत नाही हो."

"का नाही? मी एक वाकडी रेघ काढतो, खाली चार चांदण्या काढतो. झालं! अर्धं मिनिट लागत नाही."

वस्तादांनी एकदा मास्तरांकडे पाहिलं आणि एकदा कोपऱ्यात गुडघ्याला पट्टी गुंडाळत बसलेल्या माणसाकडे. "केउंग, ऐकलंस ना? उसळायचंय."

"उसळतो की," केउंग म्हणाला. "खाली पोचलो तर."

हा मोक केउंग. लेस्टर टोच्या जागी पडायचं काम याचं. लेस्टर मला घालून खुर्चीत बसायचा, डोळे मोठे करायचा, हंसाची तंगडी फिरवायचा. पडायची वेळ आली की माझे बंद सुटायचे आणि केउंगच्या अंगावर बांधले जायचे. डोक्यावर टकलाचा टोप, कॅमेरा पाठीमागे, आणि धडाम. मग बंद पुन्हा सुटायचे आणि लेस्टर जमिनीवर आडवा पडून हळूच डोकं वर काढायचा. पडले तरी नाक वर, ही म्हण मी रोज डोळ्यांनी बघत होतो. फक्त पडणारा एक आणि नाकवाला दुसरा. माझ्या पुढल्या अंगाला लेस्टरच्या अत्तराचा वास लागला आणि मागल्या अंगाला केउंगच्या मुक्या माराच्या औषधाचा.

आमच्या धंद्यात कुणी जिवावरची उडी मारली की वस्ताद त्याच्या हातात लाल पाकीट ठेवतात. पैसे किती ते गौण, अपशकुन टळावा हा हेतू. केउंग ती पाकिटं न उघडता आईला नेऊन द्यायचा. आई ती वडिलांच्या तसबिरीपुढे ठेवायची. बिचाऱ्याला वाटायचं, आई खूश होते.

उंचीला तो भीत नव्हता. भीत होता आईला. त्याचे वडील इमारतींना बांबूची परांची बांधायचे आणि अशाच एका परांचीवरून पडून गेले. त्यानंतर आईनं केउंगला तसबिरीपुढे उदबत्ती धरायला लावून शपथ घ्यायला लावली होती, की मी कधी वर चढणार नाही. म्हणून त्यानं घरी सांगितलं होतं, "मी सिनेमात कपडे सांभाळतो. पोट सांभाळतो म्हण ना." तसं ते खोटंही नव्हतं.

बाकीचे पडणारे गडी आपला चेहरा पडद्यावर एकदा तरी दिसावा म्हणून देवाला नवस बोलत. केउंगचा नवस उलटा. वस्ताद त्याचं तोंड भरून कौतुक करायचे, "याच्यासारखा गुणी पाठमोरा नट शोधून सापडायचा नाही."

शेवटची मोठी उडी सोमवारी ठरली. चहाघराच्या चौथ्या मजल्यावर बांधलेल्या परांचीवरून फान खाली कोबीच्या गाडीत पडतो, असा प्रसंग. शनिवारी सराव करताना मी मागून उसवलो. शिवणखोलीतली बाई तापानं घरी होती. केउंग मला घेऊन घरी निघाला. मी मावेल अशी पिशवी मिळेना, म्हणून त्यानं मला अंगावरच बांधलं. बसमध्ये एका म्हाताऱ्या बाईनं उठून त्याला बसायला जागा दिली.

घर म्हणजे सरकारी चाळीतली एक खोली. त्याची आई, मोककाकू, हातमोज्यांच्या कारखान्यात जन्मभर शिवण करून बसलेली. तिनं मला मांडीवर घेतलं, उलटं केलं, सुलटं केलं.

"पुढून अगदी नवं आहे. मागूनच कसं रे एवढं झिजलं?"

"ते... खुंटीवर घासतं."

"खुंटी आहे का जातं?" तिनं मला नाकाशी नेलं. औषधाचा वास तिला नक्की आला. ती एवढंच म्हणाली, "जा, पालेभाजी घेऊन ये. ताजी बघून आण, मागच्या वेळेसारखी सुतक लागलेली नको."

तो गेला. काकूनं पलंगाखालची पेटी ओढली आणि तिच्या लग्नातली रजई बाहेर काढली. माहेरच्या पिंजाऱ्याकडून पिंजून घेतलेला कापूस होता तो. तिनं एक कड उसवली आणि कापूस मूठ मूठ काढून माझ्या पाठीत भरू लागली. जिथं माणसाची कंबर येते, जिथं बरगड्या येतात, तिथं तिनं थरावर थर दिले. मग बारीक, जवळ जवळ टाके घातले. ते घालताना ती तसबिरीकडे बघून म्हणाली, "तुम्ही मध्ये बोलू नका."

केउंग भाजी घेऊन आला तेव्हा रजई पेटीत होती आणि मी शिवून तयार होतो. त्यानं मला उचललं. "जड झालं का गं?"

"तूच दमलायस," ती म्हणाली. "हात धू आणि जेवायला बस."

पोटात ठेवणं म्हणजे काय, ते मी त्या दिवशी शिकलो.

सोमवारी केउंग परांचीवर चढला. खाली कोबीखाली रिकामे खोके रचले होते. लेस्टर सावलीत बसून वारा घेत होता आणि कुआन मास्तर कोबी थोडे आणखी गोल हवे होते म्हणत होते. वस्ताद ओरडले. केउंगनं स्वतःला सोडून दिलं.

पडताना परांचीचा एक बांबू निसटला आणि त्याला आडवा लागला. तो कलंडला. अर्धा खोक्यांवर आणि अर्धा गाडीच्या लाकडी कडेवर आदळला. कड बसली ती माझ्या पाठीवर, नेमकी रजईच्या कापसावर. मी दबलो, पार चपटा झालो, पण माझ्या आतल्या माणसाच्या बरगड्या वाचल्या. मला एवढी भीती आयुष्यात कधी वाटली नव्हती. सगळे धावले. केउंगचा टोप उडाला होता. तो उठून बसला, आणि जिवंत आहोत हे कळून असा काही हसला, की कॅमेरावाल्यानं कॅमेरा बंदच केला नाही.

"हा तुकडा शेवटी लावायचा!" वस्ताद नाचायलाच लागले. सिनेमा संपला की नावांबरोबर चुकलेले, आपटलेले प्रसंग दाखवायची आमच्याकडे पद्धत आहे. "केउंग, तुझा चेहरा! सगळं शहर बघेल!"

"वस्ताद, पाया पडतो, काढून टाका," केउंग म्हणाला.

"अरे, लोक याच्यासाठी मरतात."

"माझी आई बघेल."

लेस्टरही घाईघाईनं आला. त्याचं म्हणणं, जाहिरातीत सर्व उड्या त्याच्या छापल्या आहेत, मग हा कोण उपटसुंभ? दोघांचं एकमत होण्याची ती पहिली आणि शेवटची वेळ. वस्तादांनी हात जोडले आणि तो तुकडा कापला गेला.

सिनेमा लागला. मला थिएटरच्या दारात एका पुतळ्यावर चढवून उभं केलं, बाजूला मोठी पाटी. आतला सिनेमा मला दिसला नाही, नुसता हशा ऐकू यायचा. रविवारी दुपारच्या खेळाला अख्खी चाळ आली. त्यात मोककाकू होती. केउंग आत गेलाच नाही, माझ्याजवळ घुटमळत राहिला.

खेळ सुटला. काकू बाहेर आली.

"कसा वाटला, आई?"

"बरा होता. जाड्या छान पडतो."

"लेस्टर टो आहेच तसा. एवढा मोठा नट, पण उड्या स्वतः मारतो."

"हो ना. पाटीवरच लिहिलंय म्हणे." काकू वळसा घालून माझ्या मागे आली आणि माझ्या पाठीवर हात दाबून बघू लागली. "कापूस पार बसलाय. म्हणजे कामी आला."

"कुठला कापूस?"

"माझ्या रजईतला."

केउंगचा चेहरा पांढराफटक पडला.

"कपडे सांभाळणाऱ्याला उठसूट लाल पाकिटं कोण देतं रे?" ती म्हणाली. आवाज चढवला नव्हता. "तुझ्या बापालाही मुकादम द्यायचा, उंचावरचं काम झालं की. घरी येऊन मला सांगायचा, मी कुठं वर चढतो, मी तर खालीच बांबू मोजतो. आणि पडद्यावरची ती पाठ! लहानपणी घासून घासून मीच धुतलीय. सगळ्या शहराला फसव, मला काय फसवतोस?"

"मग थांबवलं का नाहीस?"

"थांबला असतास?"

केउंगनं नकारार्थी मान हलवली.

"तोही थांबला नसता," काकू म्हणाली. "पण खरं सांगितलं असतं, तर त्याच्यासाठीही काहीतरी शिवलं असतं मी."

केउंगला रडू फुटलं. चौथ्या मजल्यावरून पडून हसलेला माणूस थिएटरच्या दारात लहान पोरासारखा रडला. काकूनं पदरानं पुसावं तसं सदऱ्याच्या बाहीनं त्याचं नाक पुसलं. "पुढच्या वेळेला पोट दोन दिवस आधी आण. कापूस पिंजून घ्यावा लागतो."

एवढ्यात लेस्टर टो फोटोवाल्यांचा घोळका घेऊन आला. त्यानं पुतळ्याच्या खांद्यावर हात टाकला, माझ्यावर सही केली आणि केउंगला म्हणाला, "जरा बाजूला हो रे, फोटोत पाठ येतेय तुझी."

मी पुन्हा काकूकडे गेलो नाही. सहीमुळे माझी किंमत वाढली आणि किंमत वाढलेल्या वस्तूला कुणी पिंजून आणत नाही. केउंगच्या पुढच्या पोटांत काय भरलं होतं, ते मला माहीत नाही. पण तो अजून चालतो-फिरतो, यावरून अंदाज बांधता येतो.

गेल्या महिन्यात तो इथं आला होता. केस पिकलेत, एक पाय ओढतो. दंडावर काळी फीत होती, कापडाचा चौकोनी तुकडा, आमच्याकडे आई-बाप गेल्यावर लावतात तशी. सहीकडे त्यानं बघितलंही नाही. पेटीच्या कडेला गेला, काचेला गाल लावला आणि वाकून माझ्या मागे बघायचा प्रयत्न करू लागला. पण माझी पाठ भिंतीला चिकटलेली आहे.

"काका, काचेला टेकू नका," पहारेकरी म्हणाला. "सही पुढून दिसते."

"सही बघितलीय मी," केउंग म्हणाला आणि पाय ओढत निघून गेला.

संग्रहालयवाल्यांनो, पाटी आहे तशी राहू द्या, तिच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पडद्यावर त्याची नुसती पाठ दिसली आणि इथं माझं नुसतं पोट दिसतं, हेही मी गिळून टाकलंय. पण पुढच्या वेळी झाडलोट कराल, तेव्हा मला एकदा उलटं करून ठेवा. तो परत येईल. त्याला आईचे टाके बघायचे आहेत.