सुखाचा हिरवा पट्टा

महादेवीअव्वाला दोन गोष्टींची किळस होती: आंबलेल्या वरणाची आणि गोड बोलून झाकलेल्या लबाडीची. त्या दुपारी मेसमध्ये वरण ताजं होतं, तरी तिच्या नाकाला वास आलाच.

लातुरात ट्यूशनच्या गल्लीत तिची इमारत. खाली मेस, वर पोरींचं हॉस्टेल, सगळ्यात वर पत्र्याचा हॉल. गेल्या साली उकाड्यानं पोरी आजारी पडल्या, पालक भांडून गेले. यंदा सोमवारी बिलोली-जळकोटकडच्या छत्तीस पोरी त्याच हॉलात यायच्या होत्या. पालकांची तोंडं बंद करायला लेकानं, मल्लेशनं, युक्ती काढली. त्याची पोरगी मंजुषा नुकतीच आर्किटेक्ट झालेली. हॉल सुखाचा आहे असा कागद तिनं सहीनिशी द्यायचा.

मंजुषानं लॅपटॉप आजीपुढं सरकवला. पडद्यावर वर चढत गेलेला हिरवा पट्टा, त्यात मुंगळ्यांसारखे ठिपके.

"एक ठिपका म्हणजे एक तास, आज्जी. पट्ट्यात पडला की माणसाला बरं वाटतं."

"आन् पट्टा चढावर का चाललाय?"

"बाहेर ऊन वाढलं की माणसाला सवय होते. मग जास्त गरमीही चालते."

"बघ अव्वा," मल्लेश खुलला, "शंभरातले ऐंशी तास सुखाचे! कंपूटर बोलायलाय, मी न्हाई."

अव्वानं पिंक टाकली. भूकंपानंतर दीड वर्ष ती पत्र्याच्या शेडात राहिली होती. धाकटी पोर तिथंच तापानं गेली. वही घेऊन आलेल्या साहेबानं त्याच आठवड्यात लिहून नेलं होतं, 'कुटुंबे रुळली आहेत.'

"सवय झाली म्हंजी सुख झालं व्हय गं? बैलालाबी चाबकाची सवय असती."

मंजुषा ओशाळली. "तसं नाही आज्जी. राहणाऱ्याला वाटेल तेव्हा खिडकी उघडता येत असेल, तरच हा पट्टा धरायचा. इथं तशी खूण केलीय मी. पप्पा म्हणाले, आठ खिडक्या आहेत."

"तू बघितल्यास?"

"...नकाशात बघितल्या."

"वा गं माझी शिकलेली! नकाशात म्या बी तरणीच हाय. चल वर."

गुडघ्यांनी दोन वर्षं तिला जिना चढू दिला नव्हता. आज ती शिव्या घालत चढली. हॉलचं दार उघडलं तशी भट्टीच्या तोंडासारखी वाफ अंगावर आली. खिडक्या आठच होत्या. प्रत्येकीच्या चौकटीत चार-चार स्क्रू आवळलेले. स्क्रूभोवतीचा रंग खरवडला होता. कंपासच्या टोकानं, नाण्यानं, कशाकशानं पोरींनी उघडायला बघितलं होतं. एका चौकटीत कंपासचं मोडलेलं टोक अजून रुतलेलं होतं.

अव्वानं त्या टोकावरून बोट फिरवलं.

"समोर पोरांचं हॉस्टेल हाय अव्वा," मल्लेश मागून म्हणाला. "चिठ्ठ्या फेकत्यात. पालकच म्हणत्यात, खिडक्या नको."

"थूत् तुझ्या जिनगानीवर! पोरं चिठ्ठ्या फेकणार आन् पोरी उकडून मरणार? कोंबड्याच्या खुराड्यालाबी जाळी असती रं."

मंजुषानं तिथंच जमिनीवर बसून ती खूण काढली. हिरवा पट्टा गेला. पांढऱ्या पडद्यावर नुसते ठिपके उरले, उघडे.

"मंजे, काय केलंस!" मल्लेश ओरडला. "सोमवारी पालकांना काय दाखवू?"

"माझी सही या खिडक्यांवर मिळणार नाही, पप्पा."

अव्वानं हॉलची किल्ली कुलपातून काढून कमरेला खोवली. इमारत तिच्या नावावर होती; हे तिला कधी मोठ्यानं सांगावं लागलं नव्हतं.

"सोमवारपातूर बत्तीसच्या बत्तीस स्क्रू निघाले पायजेत. न्हाईतर एक पोरगी या जिन्याला पाय लावणार न्हाई. आण पेचकस."

"गडी लावतो संध्याकाळी..."

"आवळले तुवा, काढायचेबी तूच. आत्ता."

तिसऱ्याच स्क्रूला मल्लेशचा शर्ट पाठीला चिकटला. गंजलेला स्क्रू हलेना.

"अव्वा, जरा पंखा तर लाव."

दारातल्या खुर्चीत बसून अव्वा पदरानं वारा घेत होती.

"रुळशील," ती म्हणाली.